पर्समधली गोळ्यांची पट्टी

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये आमच्या एका तरुण शिक्षिकेने विचारले, "बाजी, डोकेदुखीची गोळी आहे का कुणाकडे?" आम्ही आठ जणी बसलो होतो. पाच जणींच्या पर्स एकदम उघडल्या. हसू आले, पण नंतर घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिले. या सदरात मी नेहमी मुलांविषयी लिहिते. या वेळी स्वतःविषयी लिहिते आहे, कारण दोन वर्षांपूर्वी सर्वांत आधी उघडली असती ती पर्स माझीच होती.

माझे डोके सकाळी ठीक असे. तिसरा तास संपता संपता मानेच्या मागून दुखणे सुरू होई आणि कपाळापर्यंत येई. ठणका नाही, मळमळ नाही, फक्त दोन्ही बाजूंनी कोणी ओली ओढणी पिळून आवळल्यासारखे वाटे. आणि आमच्या घरातला इलाज काय, तर अम्मी म्हणायच्या, "ओढणी घट्ट बांध आणि पड जरा!" संध्याकाळी मगरिबच्या नमाजमध्ये सलाम फेरताना मान उजवीकडे पूर्ण वळेना, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की दुखणे डोक्यात जितके आहे तितकेच मानेतही आहे. तरी इलाज डोक्याचाच चालू राहिला. आधी आठवड्याला एक गोळी. मग पेपर तपासण्याच्या दिवसांत रोज एक. मग दुखायच्या आधीच, 'आज सहा तास आहेत, दुखणारच' म्हणून सकाळी चहाबरोबर एक. मुलांच्या अब्बांना कळू नये म्हणून मी दोन वेगवेगळ्या मेडिकलमधून गोळ्या आणत असे. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

उलगडा झाला रमजानमध्ये. पहिल्या आठवड्यातच एका दुपारी मी रोजा तोडून गोळी घेतली. आजारपणात सवलत आहे हे मला ठाऊक होते. पण मी आजारी आहे की मला गोळीची सवय लागली आहे, हे मलाच सांगता येईना. ईद झाल्यावर डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "महिन्यातून किती दिवस गोळी घेता?" मी म्हटले, "आठ-दहा." त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, कॅलेंडर घ्या, डोके दुखेल त्या दिवशी टिंब आणि गोळी घ्याल त्या दिवशी फुली करा, महिन्याने या. महिना संपला तेव्हा फुल्या चोवीस होत्या. मुलांना खोटे बोलू नका असे शिकवणारी मी, स्वतःशी किती सहज खोटे बोलत होते!

मग डॉक्टरांनी जे समजावले ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. माझी मूळ डोकेदुखी ताणाची, म्हणजे स्नायू आखडण्याशी जोडलेली. ती त्रासदायक असते, धोकादायक नसते. पण पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू लागते. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांसाठी ही मर्यादा दहाच दिवसांची. अशा काही गोळ्यांत कॅफीनही असते, आणि वर माझा दिवसाचा सहा कप चहा. रोजात हे दोन्ही एकदम बंद झाले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागणार, यात नवल कसले? आता मी रमजानच्या दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करते. त्यामुळे मागचे रोजे बरे गेले, अल्हमदुलिल्लाह.

मी एमआरआयसाठी हट्ट धरला होता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिले, हातापायांची ताकद तपासली आणि गरज नाही म्हणाले. मात्र काही लक्षणे त्यांनी बजावून सांगितली, ती इथे लिहिलीच पाहिजेत. क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी; तापाबरोबर ताठरलेली मान; एका बाजूचा अशक्तपणा, बोबडे बोलणे किंवा नजर अंधुक होणे; डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे; पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे. यांपैकी काही असेल तर ओढणी बांधून पडू नका, सरळ दवाखाना गाठा. मानेतली कळ हातात उतरत असेल, बोटे बधिर होत असतील, तरीही दाखवून घ्या.

गोळ्या बंद केल्यावर आधी दुखणे वाढते, हे त्यांनी सांगितले होते म्हणून मी टिकले. आठ-नऊ दिवस अतिशय वाईट गेले. सुट्टीतच हे करायचे ठरवले होते, ते बरे केले. रात्री घ्यायला त्यांनी ॲमिट्रिप्टिलिन नावाची गोळी अगदी कमी मात्रेत दिली. ती आणताना मेडिकलवाल्याने नणंदेला सांगितले, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे." झाले! घरात कुजबुज सुरू. शेवटी मी सगळ्यांसमोर सांगितले की हे औषध मुळात त्या आजाराचे असले, तरी कमी मात्रेत ते वारंवारच्या डोकेदुखीला आळा घालायलाही देतात. आणि डिप्रेशनसाठी दिले असते तरी त्यात लपवण्यासारखे काय होते? माझे तोंड कोरडे पडे, सकाळी जडपणा वाटे. काही महिन्यांनी डॉक्टरांनीच ती हळूहळू बंद केली. स्वतःच्या मनाने ती सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

खरी मेहनत मानेची. फिजिओथेरपिस्ट ताईंनी विचारले, वह्या कशा तपासता? पलंगावर मांडी घालून, वह्या मांडीवर ठेवून. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, आठवड्यातून चार तास उर्दूचेही घेते. एक वही उजवीकडून उघडते, दुसरी डावीकडून, पण मान दोन्हींसाठी सारखीच खाली! माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. मान सरळ असेल तर हा भार मणक्यांवर तोलून राहतो, वाकली की तो मागच्या स्नायूंना तासन् तास ओढून धरावा लागतो. सुताराकडून जुन्या मुनीमजींच्या डेस्कसारखे उताराचे छोटे मेज करून घेतले. दर वीस वह्यांनंतर उठायचे, पाणी प्यायचे, खांदे वर-खाली करायचे. चष्म्याचा नंबरही बदललेला निघाला, चाळिशीनंतर तो तपासायचा आळस करू नये.

एक व्यायाम मी रोज करते. भिंतीला पाठ टेकवून बसायचे, समोर बघायचे आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढायची. आरशात दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे बरोबर! पाच सेकंद धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा. त्यानंतर दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणायची. शेकायला गरम पाण्याची पिशवी, पंधरा मिनिटे. मालीश चालेल, पण झटका देऊन मान 'कडकड' मोडून घेऊ नका, त्यात मानेतली रक्तवाहिनी दुखावू शकते. सजद्याबद्दल मी मुद्दाम विचारले होते. त्या म्हणाल्या, तुमच्या दुखण्यात काही अडचण नाही, फक्त उठताना घाई करू नका. ज्यांना चक्कर येते किंवा कळ हातात जाते, त्यांनी डॉक्टरांना विचारून खुर्चीवर नमाज पढायला संकोचू नये.

सगळे गेले का? नाही. महिन्यातून चार-पाच दिवस दुखते, निकालाच्या आठवड्यात जास्त. गोळी घेतेही, आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही, आणि मुलांच्या अब्बांना सांगून.

त्या तरुण शिक्षिकेला मी त्या दिवशी गोळी दिली नाही, एक छोटे कॅलेंडर दिले. ती जरा नाराजच झाली. काल तिने ते दाखवले. पंचवीस तारखेपर्यंत सतरा फुल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाणार आहे.