प्रवेश मिळाला, पण जागा टिकणार का?

बारावीचा निकाल लागला की दर रविवारी आमच्या घरी गर्दी होते. विहारातली वंदना आटोपली की एकेक जण मार्कशीटची झेरॉक्स घेऊन येतो. कोणाची आई येते, कोणाचा मामा, कधी मुलगी एकटीच येते. मी तीस वर्षे एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. त्यातली निम्मी वर्षे फीच्या खिडकीवर गेली. म्हणून लोकांना वाटते, याला सगळे ठाऊक असेल. सगळे ठाऊक नाही. पण खिडकीच्या आतून जे दिसते ते बाहेरच्या रांगेतून दिसत नाही. तेवढे मात्र सांगता येते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "काका, चांगले कॉलेज कोणते?" मी उलट विचारतो, "तिसऱ्या वर्षाची फी कोण भरणार?" हा प्रश्न लोकांना आवडत नाही. अजून पहिल्याचा पत्ता नाही आणि हा म्हातारा तिसऱ्याचे काय घेऊन बसला, असे चेहऱ्यावर दिसते. पण मी खिडकीत बसून पाहिले आहे. जूनमध्ये पेढे घेऊन आलेले किती तरी चेहरे दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आले नाहीत. अभ्यास जमला नाही म्हणून गेलेले त्यात थोडे. पैशाच्या घोळात अडकून गेलेले फार.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतली एक ताई, एका इस्पितळात साफसफाईच्या कामावर आहे. मुलाला बारावी कॉमर्सला ७१ टक्के. घरात इतके शिकलेला तो पहिलाच. कुणी तरी ओळखीचा माणूस भेटला. दूरच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या पदवीला जागा करून देतो, "तुमची स्कॉलरशिप आहेच, आता फक्त चाळीस हजार भरा," म्हणाला. ताईने बचत गटातून कर्ज काढले. पावती घेतली, फोटो काढला, गल्लीत पेढे वाटले. पुढे मुलाने महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि तो नामंजूर झाला. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातला होता आणि त्या कोट्यातल्या जागेला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. दुसरा हप्ता भरायला पैसे नव्हते. नोव्हेंबरात मुलाने कॉलेज सोडले. आज तो मोटरसायकलवर पार्सले पोचवतो आणि ताई अजून गटाचा हप्ता भरते.

ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, मी पावती नीट वाचली असती तर?" पावतीवर कोट्याचे नाव बारीक इंग्रजी अक्षरांत होते. वाचणार कशी? चूक तिची नव्हती. पण ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, आणि २०२४ पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. यांसारख्या अभ्यासक्रमांना सी.ई.टी. आणि सरकारी कॅप फेरीतून प्रवेश होतात. कॅपमधून जागा मिळाली की त्याचे अलॉटमेंट लेटर असते. ते लेटर हातात नसेल आणि कोणी "मी करून देतो" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी कॉलेजच्या खिडकीवर उभे राहून सरळ विचारा : हा प्रवेश कोणत्या कोट्यातला? अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती याला लागू आहे का? उत्तर तोंडी नको, लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली की समजून घ्या.

साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला हा धोका कमी, पण तिथे दुसरी गंमत आहे. एकाच इमारतीत, एकाच नावाखाली दोन कॉलेजे नांदतात म्हणा ना! एक अनुदानित. तिथे प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून फी हलकी. दुसरे विनाअनुदानित, सेल्फ फायनान्सचे. तिथे तेच फाटक, तेच कँटीन, पण फी कित्येक पट. बाहेर बोर्डावर लिहिलेले असते ते पहिल्याच्या जोरावर मिळालेले 'नॅक'चे मानांकन. मुलाला मिळते ते दुसरे. तेव्हा नुसते कॉलेज कोणते असे विचारू नका. ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, असे विचारा. मार्क चांगले असतील तर माझा कौल नेहमी अनुदानित तुकडीला, मग कॉलेज थोडे कमी नावाचे का असेना. 'अकाउंटिंग अँड फायनान्स' हे नाव कानाला भारदस्त वाटते खरे. पण अनुदानित बी.कॉम. करून संध्याकाळी टॅली शिकलेली मुलेही बँकेत लागलेली मी पाहिली आहेत.

आता शिष्यवृत्तीचे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत हीच मर्यादा आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर, दोन्हींचे नूतनीकरण दर वर्षी. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले असे समजून दुसऱ्या वर्षी बसून राहिलेली मुले मी मोजलेली नाहीत, पण पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण तिने घरात भांडणे लागतात. पूर्वी फीचा पैसा सरकारकडून कॉलेजला जायचा. आता केंद्राचा वाटा, म्हणजे ६० टक्के, थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची असा नियम आहे. नियम करणाऱ्यांना आपल्या घरातले सात दिवस कसे असतात ते ठाऊक नसावे. मोबाईलवर मेसेज येतो, खात्यात एकदम बावीस हजार! त्याच आठवड्यात आजीला दवाखान्यात न्यायचे असते, किंवा बहिणीची मंगल परिणय ठरलेली असते. पैसे खर्च होतात. मग तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेज थकबाकी दाखवते, मार्कशीट आणि एल.सी. अडवून ठेवते, आणि नोकरीची मुलाखत हातची जाते. बाबांनो, त्या रकमेतला निर्वाह भत्ता तेवढा आपला. घरून ये-जा करून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्याला तो वर्षाला साधारण तीन हजार पडतो, वसतिगृहात राहणाऱ्याला सहा. बाकीची रक्कम आली त्याच दिवशी कॉलेजात भरा आणि पावती फाईलला लावा. शिष्यवृत्तीला हजेरीही ७५ टक्के लागते, हे मुलांनी ऐकून ठेवावे.

कागदपत्रांचा विषय काढला की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते आठ दिवसांत मिळत नाही. अकरावीतच अर्ज करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. चुलत्याला किंवा आत्याला वैधता मिळालेली असेल तर काम सोपे होते, त्यांच्याकडून प्रत मागायला संकोच करू नका. आपल्या घरांत एका भावाच्या दाखल्यावर 'हिंदू महार', दुसऱ्याच्या 'बौद्ध', तिसऱ्याच्या 'नवबौद्ध' असे आढळते. त्याला इतिहास आहे. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळू लागल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. म्हणून केंद्राच्या संस्थेत अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला घेऊन दिल्लीच्या रांगेत उभे राहू नका.

मुलींच्या बाबतीत मला पालकांशी दोन हात करावे लागतात. मुलाला कॉलेज निवडताना नाव बघतात, मुलीला निवडताना अंतर. गेल्या जूनमध्ये एक वडील मुलीला घेऊन आले होते. ते बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. मुलगी सायन्सला, केमिस्ट्रीत चांगली. घराजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. आहे, पण तिला हवे ते केमिस्ट्रीचे मुख्य विषय तिसऱ्या वर्षापर्यंत तिथे नाहीत. गाडीने तासाभरावर दुसरे कॉलेज, अनुदानित, प्रयोगशाळा चांगली. वडील म्हणाले, "सर, काळ कसा आहे बघताय ना." मुलगी गप्प. मी वडिलांना म्हटले, तुम्ही रात्रीची शेवटची बस घेऊन डेपोत येता, तुम्हाला रस्ते माहीत आहेत. सात दिवस तिच्याबरोबर सकाळच्या गाडीने जा आणि परत या, मग ठरवा. ते खरेच गेले. चौथ्या दिवशी त्यांनीच तिचा रेल्वेचा विद्यार्थी पास काढून दिला. फॉर्म कॉलेजमधूनच मिळतो. तासाभराचा प्रवास लांब वाटतो. पण नको असलेला विषय घेऊन तीन वर्षे काढणे त्याहून लांब आहे.

प्रवास आणि वेळ हा मात्र खरा प्रश्न आहे, मुलांसाठीही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आपल्या घरातला मुलगा शिकताना थोडेफार कमावणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. तुम्हीही गृहीत धरा. प्रवेशाआधी वेळापत्रक बघा. सकाळी सात ते साडेअकराचे कॉलेज असेल तर दुपारचे काम जमते. दिवसभर तुटक तुटक लेक्चरे असतील तर कामही जात नाही आणि अभ्यासही होत नाही.

आता जागा मिळाली, कॉलेज सुरू झाले. पहिले चार महिने जपा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात सगळे लेक्चर पाण्यासारखे कानावरून जाते. घरी येऊन तो सांगत नाही. कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच ठिकाणी उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ते ऑफिसात विचारून घ्या. सायन्सवाल्याने एकच करावे : पहिल्या दोन बाकांवर बसावे आणि न समजलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ग्रंथालयात शोधावा. ग्रंथालयात बुक बँकेची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, पुस्तके लवकर संपतात.

नव्या धोरणाने २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही चार वर्षांची रचना आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे वर्ष ऑनर्ससाठी. एक वर्ष करून, ठरलेले क्रेडिट आणि जादा कौशल्याचा अभ्यासक्रम पुरा केला तर सर्टिफिकेट घेऊनही बाहेर पडता येते. कागदावर सोय चांगली दिसते. पण ती वापरणार कोण? ज्याच्या घरी पैसा आहे तो नव्हे. मुलगा "एका वर्षाचे सर्टिफिकेट तर मिळते," असे म्हणू लागला तर त्याला बसवून विचारा की अडचण कुठे आहे.

आणि अडचण कधी कधी पैशाची नसते. वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचतात, मागून कोणी तरी हसते. आडनाव विचारतात, मग मार्क विचारतात. एल्फिन्स्टन कॉलेजात बडोद्याच्या महाराजांच्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या भीमरावांनाही कमी सोसावे लागले नाही, हे मी मुलांना सांगतो. पण तेवढ्यावर थांबत नाही, कारण सोसण्याला मर्यादा असते. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) ही नावे विसरून चालणार नाही. जेवण कमी झाले, मित्रांची नावे घेणे बंद झाले, कॉलेजचा विषय काढला की मूल उठून जाते, असे दिसले तर "अभ्यास कर" म्हणून ओरडू नका. जवळ बसा. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर मोफत करता येते; रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. प्राचार्यांना भेटायचे असेल तर एकटे जाऊ नका, वस्तीतला शिकलेला एखादा माणूस बरोबर घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

वसतिगृहात नंबर न लागलेल्या बाहेरगावच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम मिळते. त्याचे नियम बरेच आहेत, ते पुढच्या अंकात सविस्तर लिहीन. तोवर घरातली फाईल काढून बघा, आणि आजोबांचा शाळेचा दाखला कोणत्या काकांकडे आहे ते फोन करून विचारून ठेवा.