खिशातला की खांद्यावरचा?

तुमच्या घरी कधी कॅमेऱ्यावरून वाद झालाय का? आमच्या घरी झाला.

माझी मुलगी आठवीत आहे. उन्हाळाभर शेजारच्या लहान मुलांना सांभाळून तिनं पैसे साठवले होते. एका रात्री वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "आई, मला मिररलेस कॅमेरा घ्यायचाय."

"का गं?" मी विचारलं.

"फोटो चांगले येतात."

मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कारण 2018 साली मीसुद्धा हेच कारण सांगून मिररलेस घेतला होता. तो आता कपाटाच्या वरच्या फळीवर, काळ्या बॅगेत, निवांत झोपलेला असतो.

या धड्यात मी तुम्हाला माझं मत सांगणार आहे. ते असं: पहिला कॅमेरा घ्यायचा असेल, तर खिशात मावणारा घ्या. खांद्यावर लटकवायचा कॅमेरा वाईट नाही. पण तो आपल्याला नेमका कशासाठी हवाय, हे कळल्यावर घ्या. हे मत कसं बनलं ते आता वाचा. पटलं तर ठीक, नाही पटलं तर वाद घाला.

आधी शब्द समजून घेऊ

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाच्या, म्हणजे लेन्सच्या, मागे एक तिरका आरसा असायचा. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावरून वर वळायचा आणि वरच्या छोट्या खिडकीतून आपल्याला समोरचं दृश्य दिसायचं. बटण दाबलं की आरसा 'खटॅक' करून वर उचलला जायचा आणि उजेड मागच्या फिल्मवर पडायचा. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर आला. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी. आता सेन्सरवर पडलेलं चित्र थेट पडद्यावर दाखवता येतं, मग आरसा हवाच कशाला? 2008 साली पॅनासॉनिकनं ल्युमिक्स जी1 हा बिनआरशाचा कॅमेरा आणला. त्याचं भिंग मात्र काढता-घालता येत होतं. हल्लीच्या मिररलेसची वाट तिथून सुरू झाली.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं भिंग कायमचं बसवलेलं असतं. कॅमेरा बंद केला की कासवाच्या मानेसारखं ते आत जातं. म्हणून तो खिशात मावतो. गंमत म्हणजे आरसा याच्यातही नसतोच! तेव्हा खरा फरक आरशाचा नाही. भिंग बदलता येतं की नाही, आणि कॅमेरा खिशात मावतो की नाही, हा खरा फरक.

आजोबांचे न काढलेले फोटो

2019 च्या उन्हाळ्यात माझे बाबा, म्हणजे माझ्या मुलीचे आजोबा, साताऱ्याहून आमच्याकडे एडिसनला आले. पाच महिने राहिले. तुमच्याकडेही आजी-आजोबा असेच येत असतील. बॅगेत मेतकूट, लाडू आणि चार-चार स्वेटर घेऊन.

पहिल्याच आठवड्यात बाबांना मेन्लो पार्कचा मनोरा बघायचा होता. थॉमस एडिसननं 1876 मध्ये तिथं प्रयोगशाळा थाटली होती. 1877 मध्ये फोनोग्राफ आणि 1879 मध्ये विजेचा दिवा तिथंच तयार झाला. आपल्या गावाला त्याचं नाव बरंच नंतर, 1954 मध्ये मिळालं. त्याआधी हे रॅरिटन टाउनशिप होतं. मनोऱ्याच्या टोकावर एक भला मोठा काचेचा दिवा आहे. बाबा त्याच्याकडे मान वर करून बघत बसले होते. मी बॅगेतून कॅमेरा काढला, भिंगाचं झाकण काढलं, पट्टा गळ्यात अडकवला. तोवर बाबांनी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. फोटो अगदी स्वच्छ आलाय. पण त्यात मान वर करून दिवा बघणारे बाबा नाहीत.

पाच महिन्यांत तो कॅमेरा चार वेळा बाहेर निघाला. चारही फोटोंत बाबा तसेच ताठ.

मग खरे बाबा कुठं होते? ते ओक ट्री रोडवरच्या भाजीच्या दुकानात होते. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून ती कोवळी आहे का ते बघायचे. "भेंडी मोडू नका" अशी पाटी तिथं होती. बाबा ती मोठ्यानं वाचायचे आणि पुढची भेंडी मोडायचे. रूझवेल्ट पार्कच्या तळ्याकाठी ते भर जूनमध्ये माकडटोपी घालून फिरायचे. समोरून कुणी आपल्याकडचं दिसलं, की "कुठले तुम्ही?" असं विचारून अर्धा तास बोलत बसायचे.

याचे फोटो आहेत का? आहेत, दोन-तीन. फोनमधून, लांबून, बोटांनी मोठं करून काढलेले. माकडटोपी ओळखू येते, चेहरा नाही.

बाबा आता 84 वर्षांचे आहेत. डॉक्टर म्हणतात, एवढा लांबचा प्रवास नको. म्हणजे ओक ट्री रोडवरचे बाबा आता परत दिसायचे नाहीत. चांगला कॅमेरा घरात होता. बाबाही घरात होते. दोघांची गाठ मात्र पडली नाही.

आकडे काय सांगतात?

"मोठा कॅमेरा जड असतो, म्हणून नेला जात नाही," असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. मग मी आकडे बघितले. उदाहरणासाठी एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ. कॅननचा आर50 हा छोटा मिररलेस बॅटरी आणि कार्डसकट 375 ग्रॅमचा आहे. सोबत मिळणारं 18-45 भिंग 130 ग्रॅमचं. एकूण 505 ग्रॅम. कॅननचाच जी7 एक्स मार्क थ्री हा कॉम्पॅक्ट 304 ग्रॅमचा. फरक किती? 201 ग्रॅम. म्हणजे एक मोठं सफरचंद! तेवढ्यानं कुणाचा खांदा दुखत नाही.

आता जाडी बघा. कॉम्पॅक्ट चार सेंटीमीटरच्या थोडा वर आहे. मिररलेस जवळजवळ सात, आणि पुढं भिंगाचं नळकांडं वेगळं. दोन्ही मिळून दहा-अकरा सेंटीमीटर होतात. एवढी जाड वस्तू जॅकेटच्या खिशात जात नाही. खिशात जात नाही म्हणून बॅग लागते. बॅग लागते म्हणून घरातून निघताना "आज नेऊ का?" असा प्रश्न पडतो. आणि एकदा हा प्रश्न पडला, की उत्तर बहुतेक वेळा "राहू दे" असंच येतं.

किंमत? जी7 एक्स मार्क थ्री 2019 मध्ये 749 डॉलरला निघाला. आर50 भिंगासकट 2023 मध्ये 799 डॉलरला. वर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर. म्हणजे छोटा कॅमेरा स्वस्त असतो, हाही समज खरा नाही.

"पण मोठ्या सेन्सरवर फोटो चांगला येतो ना?" तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. आर50 चा सेन्सर 22.3 गुणिले 14.9 मिलिमीटर आहे. कॉम्पॅक्टचा 13.2 गुणिले 8.8. गुणाकार करून बघा: मोठा सेन्सर जवळजवळ तिप्पट भरतो.

आता असं समजा, की सेन्सर हे भांडं आहे आणि उजेड हे नळाचं पाणी. मिररलेसचं भांडं म्हणजे परात, कॉम्पॅक्टचं म्हणजे वाटी. परातीत जास्त पाणी मावतं हे खरं. पण नळ किती सोडलाय? नळ म्हणजे भिंगाचं तोंड. त्याचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. या कॉम्पॅक्टच्या भिंगाचा आकडा 1.8 पासून सुरू होतो. मिररलेससोबत मिळणाऱ्या त्या भिंगाचा 4.5 पासून. हिशेब केला, तर वाटीवरचा नळ परातीवरच्या नळापेक्षा सहापट जोरात चालू आहे! परात तिप्पट मोठी असली, तरी अंधाऱ्या खोलीत वाटीच जास्त भरते.

म्हणजे मिररलेस घेऊन त्याच्यासोबत आलेलं भिंगच कायम लावून ठेवलं, तर संध्याकाळच्या घरात तो चांगल्या कॉम्पॅक्टच्या मागे पडू शकतो. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा हवा, तर मोठ्या तोंडाचं दुसरं भिंग घ्यावं लागतं. अगदी साधं 50 मिलिमीटरचं, 1.8 आकड्याचं भिंगसुद्धा 200 डॉलरच्या आसपास पडतं. हे दुसरं भिंग किती घरांत घेतलं जातं? आमच्या घरात घेतलं गेलं नाही.

दुसरी बाजूही ऐका

मिररलेस घेणारे सगळे चुकतात, असं मी म्हणत नाही. गणेशोत्सवात शाळेच्या सभागृहात तुमचं नाटक असतं. रंगमंचावर उजेड कमी, पात्रं हलणारी, आणि प्रेक्षक लांब. तिथं खिशातला कॅमेरा हात टेकतो. बास्केटबॉलच्या सामन्यातही तेच, तळ्यावरच्या पक्ष्यांचंही तेच. हे फोटो तुम्हाला दर आठवड्याला काढायचे असतील, तर खुशाल मिररलेस घ्या, आणि भिंगासाठीही पैसे बाजूला ठेवा. वर्षातून दोनदाच काढायचे असतील, तर त्या दोन दिवसांसाठी कॅमेरा भाड्यानं मिळतो.

दादासाहेब फाळके तुम्हाला माहीत असतील. 1913 मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. त्याच्या आदल्या वर्षी ते खास लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. तो खिशातला कॅमेरा नव्हता! पण फाळक्यांना काय करायचंय ते आधीच ठाऊक होतं. घरी आल्यावर त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून ते वाढत्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. बी रुजून त्याचा वेल होताना दिसेल, असा छोटा चित्रपट त्यातून तयार झाला. आधी चित्र डोक्यात, मग कॅमेरा हातात. माझं नेमकं उलटं झालं होतं.

आणि फोनचं काय? तोही खिशातच असतो. खरं सांगू? जवळची माणसं आणि भरपूर उजेड एवढंच असेल, तर फोन पुरतो. वेगळा कॅमेरा घेऊच नका. स्वस्तातला, अगदी बारीक सेन्सरचा कॉम्पॅक्ट तर मुळीच नको. पण लांबचं जवळ आणायला खरं भिंग लागतं. नाहीतर माकडटोपी दिसते आणि चेहरा हरवतो. शिवाय फोन उघडला की आधी निरोप दिसतात. ते वाचेपर्यंत भेंडी मोडून झालेली असते.

मग आम्ही काय केलं?

मी मुलीला म्हटलं, "आधी माझा मिररलेस महिनाभर वापर. किती वेळा बाहेर नेलास ते कॅलेंडरवर लिही." पहिल्या आठवड्यात पाच खुणा पडल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. नंतर कॅलेंडर कोरंच राहिलं. मी एक शब्दही बोलले नाही. तिचं तिलाच कळलं. तिनं एक वापरलेला कॉम्पॅक्ट घेतला. आता तो दाराजवळ, किल्ल्यांच्या टोपलीत असतो. किल्ली उचलली की तोही उचलला जातो.

डिसेंबरमध्ये आम्ही साताऱ्याला गेलो, तेव्हा तो तिच्या खिशातच होता. तिनं काढलेल्या एका फोटोत बाबा पेपर वाचता वाचता झोपलेत. चष्मा नाकावरून घसरलाय. पेपर छातीवर पसरलाय. फोटो थोडा तिरका आहे, कोपऱ्यात तिचं बोटही आलंय. मेन्लो पार्कचा फोटो याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण बाबांची आठवण आली की मी हा तिरका फोटो उघडते.

एडिसनचा पहिला फोनोग्राफ आठवा. कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उठायचा. तो खरखरीत होता, आणि चार-दोनदा ऐकला की पत्रा खराब व्हायचा. तरी लोक थक्क झाले. आवाज गोड होता म्हणून नव्हे, तर गेलेला आवाज परत ऐकू आला म्हणून.

आता तुमची पाळी. पुढचा आठवडाभर रोज रात्री एक ओळ लिहा: "आज मला कशाचा फोटो काढायचा राहिला?" सात ओळी झाल्या की त्या वाचा. कोणता कॅमेरा घ्यायचा, याचं उत्तर दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही. ते तुमच्याच वहीत असेल. आणि ते माझ्या मतापेक्षा वेगळं निघालं, तर पुढच्या तासाला कारणांसकट येऊन सांगा.