दुसरं मूल कशावर अडतं?

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्या वाट्याला बदनामी आली. आता लहान कुटुंब ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ होता. त्याच पाहणीत देशात शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. शिकलेली बाई स्वतः ठरवते, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दुसरं मूल हवं असूनही घराचा हप्ता नि शाळेची फी बघून थांबणाऱ्यांचं दुःख वेगळं. कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा दिली खरी. नोकरीच ११ महिन्यांच्या कंत्राटाची असेल, तर ती रजा घ्यायची कुठून? जास्त मुलांचा आग्रह धरणाऱ्या पुढाऱ्यांनी आधी ही कंत्राटं कायम करावीत आणि वस्तीवस्तीत पाळणाघरं काढावीत.