मुदत आता आम्ही देतो

वीज केंद्राच्या प्रशासनास,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. उत्तर एकाचेही आले नाही.

राखेच्या बंधाऱ्याभोवतीच्या गावांच्या वतीने लिहीत आहोत. ग्रामसभांचे ठराव झाले आहेत. हा इशारा एकदाच दिला जाईल.

7 डिसेंबर 2015. केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांच्या धुरांड्यांसाठी नवे निकष काढले. धूलिकण, गंधकाचा वायू, नायट्रोजनचे वायू, पारा. मुदत दोन वर्षांची होती. आम्ही थांबलो.

2017 ची मुदत 2022 वर गेली. आम्ही थांबलो. ती पुन्हा पुढे ढकलली. त्यानंतर पुन्हा. आम्ही थांबलो.

जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली.

आमच्या लेकरांच्या छातीला मुदतवाढ मिळत नाही.

मार्चपासून दुपारी वारा सुटतो. बंधाऱ्यातली वाळलेली राख उठते. समोरचा कडुनिंब दिसेनासा होतो. पाण्याच्या गुंडावर झाकण असते, तरी तळाशी करडा थर बसतो. गच्चीवर कुरडया घालणे बायांनी सोडून दिले.

हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे दुपारपर्यंत राखाडी होतात. व्यापारी तो कापूस चिमटीत चोळून पाहतो आणि भाव पाडतो. या नुकसानीचा पंचनामा आजवर झालेला नाही.

जुलै 2022 च्या पावसात नागपूरजवळचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत शिरले, कोलार नदीत गेले. तेव्हापासून मुसळधार पावसाच्या रात्री आमच्या गावांत कोणी झोपत नाही.

आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. बाकीचा जळतो, तेव्हा विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशाची जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून याच कोळशावर निघते.

2024 हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा जगाचे तापमान सुमारे दीड अंशाने वर गेले. तो दीड अंश विदर्भातल्या मजुराला मे महिन्यात कळतो. पारा 45 च्या वर जातो, सकाळी दहालाच शेत सोडावे लागते. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

वीज नको, असे आम्ही कधीही म्हटलेले नाही. आमच्या जमिनी याच विजेसाठी गेल्या. आमच्या कृषिपंपांना मात्र आजही रात्रीची पाळी येते. अंधारात, सापाकिरड्यात बारे द्यायला जातो तो आमचा माणूस.

आता ऐका.

बंधारा ओला ठेवा. राखेचे टिप्पर झाकून आणि चाके धुऊनच बाहेर काढा. धुरांड्याचे रोजचे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बुडालेल्या पिकांचे पंचनामे सुरू करा. जुने संच कधी बंद होणार, ते तारखेसह लेखी द्या. ‘लवकरच’ हा शब्द आम्ही स्वीकारणार नाही. ‘कार्यवाही सुरू आहे’ हेही नाही.

यासाठी पंधरा दिवस आहेत.

राख नेणारा रस्ता आमच्या गावांतून जातो. इतक्या वर्षांत तो आम्ही एकदाही अडवला नाही. लग्नाच्या वराती थांबवून तुमच्या टिप्परांना वाट दिली. अंत्ययात्राही कडेने नेल्या.

राख बाहेर गेली नाही, तर संच किती दिवस चालतात, हे तुमच्या अभियंत्यांना विचारा. आम्ही विचारून घेतले आहे.

कोणावर हात उगारला जाणार नाही. एक काचही फुटणार नाही. बसलेला माणूस उठणारही नाही. पाळ्या लावल्या आहेत. शिधा गोळा झाला आहे. बाया पुढे बसतील, त्यांनीच तसे ठरवले आहे.

या पंधरा दिवसांना मुदतवाढ नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही रस्त्यावर असू.