हाताशी असलेले वाद्य

माझे थोरले मामा चाळीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत असत. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उपचार वेळेवर मिळाले, वाचा शाबूत राहिली, उजवा हातही पूर्वीसारखा चालत राहिला. डाव्या हातात मात्र पुरेसे बळ परतले नाही. पेटीचे सूर उजवा हात काढतो खरा, परंतु तिला श्वास पुरवितो तो डावा हात. भाता हलविणारा हातच थकला, तेव्हा पेटी कपाटावर गेली आणि तिच्यावर चादर पडली.

मामांच्या मुलाने विचारपूर्वक त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. त्याला भाता नसतो. पट्टी दाबली की सूर निघतो. प्रश्न सुटला, असे घरातील सर्वांना वाटले. तीन महिन्यांनी मी भेटावयास गेलो, तेव्हा कीबोर्डवरही चादरच होती. मामांना कारण विचारले. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, वाजवता येत नाही असं नाही. पण दर वेळी ‘जरा चालू करून दे’ म्हणून किती जणांना सांगायचं? सुनेला स्वयंपाक असतो, नातीला अभ्यास असतो. मग राहूनच जातं.’’

त्यांच्या त्या वाक्यात या लेखाचा सारा आशय आला आहे. ज्येष्ठांसाठी वाद्य घरात आणणे सोपे असते. ते त्यांना कोणाच्याही मदतीवाचून सुरू करता येईल अशा रीतीने मांडणे, हे खरे काम. ते काम आम्ही त्या दुपारी केले. त्यातील अनुभव आणि थोडी आवश्यक माहिती येथे देत आहे.

निवड करताना

पेटीला साधारणतः तीन ते साडेतीन सप्तके असतात. त्यामुळे पेटीची सवय असलेल्यांना ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेसा होतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांची गरज नसते. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सुमारे ९५ सेंमी लांब आणि साधारणपणे चार-पाच किलो वजनाचा असतो. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आहेत ना, हे मात्र अवश्य पाहावे. लहान मुलांसाठी बनविलेल्या कीबोर्डांच्या पट्ट्या अरुंद असतात. संधिवाताने ताठरलेले बोट त्यांवर एकाच वेळी दोन सूर दाबते आणि वाजविणाऱ्याचा विरस होतो. बटणांवरील अक्षरे चष्मा लावून वाचता येतात का, हेही दुकानातच तपासावे. शेकडो आवाज आणि ठेके यांच्या मोहात पडू नये. ज्येष्ठांना त्यांपैकी तीन-चारच लागतात.

जागा, उंची आणि बैठक

मामांचा कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. अशा टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी असते. त्यावर कीबोर्डची जाडी मिळविली, की पट्ट्या ८० सेंमीच्या पुढे जातात. नेहमीच्या खुर्चीवर बसून तेथे हात पोहोचविण्यासाठी खांदे उचलावे लागतात आणि दहा मिनिटांत मान भरून येते. बसल्यावर खांदे सैल, कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीवर आणि पावले जमिनीवर सपाट टेकलेली, ही योग्य बैठक होय. उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड घेतल्यास ती सहज साधते. खुर्ची पाठीची असावी, चाकांची नसावी. चौरंगावर कीबोर्ड ठेवून मांडी घालून बसण्याचा हट्ट, गुडघे साथ देत असतील तरच करावा.

येथे एक धोका विशेष सांगावासा वाटतो. खुर्चीवरून उठताना वृद्ध माणूस हाताला येईल त्या वस्तूचा आधार घेतो. कीबोर्डचा स्टँड हलका असतो. त्यावर भार पडला की तो कलंडतो आणि माणूसही पडतो. म्हणून स्टँडची मागची बाजू भिंतीलगत असावी, खुर्चीला हात असावेत, आणि उठताना खुर्चीच्या हातांवरच भार देण्याची सवय लावावी. अडॅप्टरची वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. ती भिंतीच्या कडेने न्यावी. रात्री उठणाऱ्या माणसासाठी ही दक्षता फार मोलाची आहे.

खिडकीतून येणारा उजेड डोळ्यांवर न येता बाजूने यावा. दूरचे व जवळचे एकाच काचेत दिसणारा चष्मा असेल, तर शब्दांची वही फार उंच ठेवू नये. ती वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखते.

एक बटण, एक टिकली

कीबोर्डवरील बटणांची गर्दी पाहूनच पुष्कळ ज्येष्ठ मागे सरतात. आम्ही त्यावर घरगुती उपाय केला. मामींच्या डबीतील एक मोठी लाल टिकली चालू-बंद करण्याच्या बटणावर लावली, दुसरी आवाज वाढविण्याच्या बटणाशेजारी आणि तिसरी, अगदी लहान, मामांच्या षड्जाच्या पट्टीवर कडेला. मखमली टिकली बोटाला जाणवते. त्यामुळे नजर अधू असली तरी काम अडत नाही. अडॅप्टर भिंतीतील प्लगला कायमचा जोडून ठेवला आणि त्या प्लगचे बटण मामांना बसल्या जागेवरून दाबता येईल, इतक्या उंचीवर घेतले. अडॅप्टर कीबोर्डसोबत आलेलाच वापरावा. दिसायला सारख्या असलेल्या दुसऱ्या अडॅप्टरचे व्होल्टेज वेगळे असू शकते.

पुढे एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून त्या समोरच्या भिंतीवर लावल्या. आवाज न आल्यास क्रमाने काय पाहावे, हे त्यांत आहे: भिंतीवरचे बटण चालू आहे का, आवाजाचे बटण अगदी खाली गेले आहे का, हेडफोनची वायर कीबोर्डला लागलेली आहे का, आणि तरीही काही न जमल्यास एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. हेडफोनची वायर लागलेली असताना कीबोर्डचा बाहेरचा आवाज सहसा बंद राहतो आणि वाद्य बिघडल्याचा समज होतो. वापर नसल्यास काही वेळाने कीबोर्ड आपोआप बंद होण्याची सोयही अनेकांत असते. तोही बिघाड नव्हे. डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबताच ढोलक किंवा ड्रम वाजू लागले, तर साथीचे बटण चुकून दाबले गेले आहे, असे समजावे.

बोटांना सोयीचा सूर

पियानोच्या आवाजात पट्टी दाबून धरली तरी सूर हळूहळू विरतो. पेटी वाजविणाऱ्याला ते चमत्कारिक वाटते. त्यासाठी हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा आवाज निवडावा. तो बोट उचलेपर्यंत टिकतो. आपल्या संगीत रंगभूमीवर ऑर्गन पूर्वीपासून रुळलेला असल्यामुळे तो आवाज आपल्या कानांना परका नाही.

बोटांत बळ कमी असणाऱ्यांना आणखी एक सोय उपयोगी पडते. अनेक कीबोर्डांत पट्टी जोरात दाबल्यास सूर मोठा आणि हळू दाबल्यास लहान येतो. दुर्बळ बोटाचा सूर त्यामुळे ऐकूच येत नाही. ही सोय बहुधा बंद करता येते. मग प्रत्येक बोटाचा सूर सारखाच येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या काही कीबोर्डांत तानपुरा आणि तबल्याचे ठेकेही असतात. एकट्याने बसणाऱ्याला त्यांची सोबत होते.

उतरलेल्या आवाजासाठी

वयाबरोबर आवाजाचा पल्ला कमी होतो. तरुणपणी ज्या पट्टीत सहज गाता येत असे, ती आता चढी वाटते. अशा वेळी गळा ताणण्यापेक्षा पट्टी उतरविणे शहाणपणाचे. पेटीवर पट्टी बदलली, की बोटांची सारी मांडणी बदलावी लागते. नव्याने ती बसविणे उतारवयात जड जाते. कीबोर्डवर ‘ट्रान्सपोज’ हे बटण असते. त्याने बोटे तीच राहतात आणि सूर मात्र खाली किंवा वर सरकतो. एक पायरी म्हणजे काळी-पांढरी धरून लगतची पुढची किंवा मागची पट्टी. मामांची बोटे काळी एकमध्ये मुरलेली. आम्ही दोन पायऱ्या खाली उतरविले. बोटे काळी एकवरच राहिली आणि सूर पांढरी सातचा येऊ लागला. पुष्कळ कीबोर्डांत वाद्य बंद केल्यावर हा बदल पुसला जातो. म्हणून तो कसा करावा, हेही भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवावे.

किती वेळ, किती आवाज

आरंभी पाच मिनिटे पुरेत. हळूहळू ती दहा-पंधरांवर न्यावीत आणि मध्ये हात मांडीवर ठेवून विसावा घ्यावा. संधिवातात सकाळी बोटे ताठ असतात. म्हणून स्नानानंतर, ऊब आल्यावर बसावे. थोडा शीण येणे स्वाभाविक आहे. परंतु वाजविल्यानंतर दुखणे रेंगाळत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा सूज वाढत असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारावे.

अर्धांगवायूनंतर हाताच्या व्यायामासाठी कीबोर्डचा उपयोग करण्याचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक पियानो आणि तालवाद्याचे पॅड यांच्या साहाय्याने रुग्णांकडून हातांच्या हालचाली करवून घेतल्या होत्या आणि त्यांत सुधारणा आढळली होती. मात्र तो सराव जाणकारांच्या देखरेखीखाली, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला झालेला होता. घरचा कीबोर्ड फिजिओथेरपीची जागा घेत नाही. दुर्बळ हात पट्ट्यांवर आणावयाचा असेल, तर कोणत्या बोटापासून आणि किती वेळ, हे आपल्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे.

शेजारी बसलेल्या माणसाचे साधे बोलणे ऐकू येईल, इतकाच आवाज ठेवावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना वाद्याचा सूर कधी कधी विचित्र ऐकू येतो, कारण ते यंत्र मुख्यतः बोलणे स्पष्ट व्हावे यासाठी जुळविलेले असते. अनेक यंत्रांत संगीतासाठी निराळी जुळवणी करता येते. श्रवणतज्ज्ञांना तसे सांगावे.

पावसाळा आणि देखभाल

दमट हवा आणि धूळ हे या वाद्याचे शत्रू. वापरून झाल्यावर सुती आच्छादन घालावे. ओल येणारी भिंत आणि पावसाची झड येणारी खिडकी टाळावी. पट्ट्या कोरड्या मऊ फडक्याने पुसाव्यात. त्यांवर कोणताही द्रव फवारू नये. पाण्याचा तांब्या, चहाचा कप किंवा निरांजन कीबोर्डवर ठेवू नये. वादळी पावसात प्लग काढून ठेवावा. बॅटरीचे सेल घातले असतील आणि ते बरेच दिवस वापरात नसतील, तर काढून ठेवावेत. अन्यथा ते पाझरून आतील भाग खराब होतात.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

वाद्य मांडून झाल्यावर आपण काय करू नये, हेही महत्त्वाचे आहे. पाहुण्यांसमोर ‘‘जरा वाजवून दाखवा’’ असा आग्रह करू नये. चुकलेला सूर सुधारून देण्याची घाई करू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नवे गाणे शिकविण्यापेक्षा तिच्या तरुणपणीच्या परिचित चालीपासून आरंभ करावा. ती मध्येच सोडून उठली, तर उठू द्यावे. उद्याचा दिवस आहेच.

त्या दुपारी सर्व मांडणी झाल्यावर आम्ही मामांना एवढेच म्हटले, ‘‘आम्ही अंगणात बसतो.’’ आत बराच वेळ शांतता होती. मग भिंतीवरचे बटण दाबल्याचा आवाज आला, पाठोपाठ षड्ज. तो त्यांनी पुष्कळ वेळ धरून ठेवला. थोड्या वेळाने ओळखीच्या अभंगाची चाल सुरू झाली. दोन ठिकाणी अडखळली, पुन्हा मागे जाऊन पुढे आली. शेंगा सोलीत बसलेल्या मामी म्हणाल्या, ‘‘पट्टी उतरवलीय होय? मग मलाही जमेल,’’ आणि ताट बाजूला ठेवून आत गेल्या.

मामांचा डावा हात अद्याप तसाच आहे. कीबोर्डने तो बरा केला नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. परंतु आता सकाळी साडेदहाला ते स्वतः उठून खुर्चीत बसतात, स्वतः बटण दाबतात. दिवसातील निदान एक गोष्ट ते कोणालाही न विचारता सुरू करतात आणि मनाला येईल तेव्हा थांबवतात.

आपल्या घरी असे वाद्य असेल, तर येत्या आठवड्यात एक साधी परीक्षा घ्यावी, ज्येष्ठांची नव्हे, आपल्या मांडणीची. घरात दुसरे कोणी नसताना त्यांना ते सुरू करता येते का? येत नसेल, तर कोणती एक अडचण आड येते, ते त्यांनाच विचारावे आणि प्रथम तेवढीच दूर करावी.