दगडात कार्बन, पण पाणी कुणाचं?

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये एका मित्राने जाहीर केलं की पेट्रोलियम इंजिनिअरिंगची डिग्री म्हणजे आता रद्दी. सोलर आलं, ईव्ही आल्या, हे लोक करणार काय? डबा संपवायचा होता म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

अरे बाबा, जमिनीखाली वायू कोंडायचा तर ते येणार कुणाला? तुला की मला? आपण क्लाउडमध्ये फाईली ठेवणारे. खडकाचा नकाशा काढणं, खोल विहिरीला केसिंग-सिमेंट करणं, दाबावर वर्षानुवर्षं नजर ठेवणं, हे सगळं १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबई हाय शोधल्यापासून आपले लोक करताहेत. नॉर्वेने तर १९९६ पासून स्लाइपनरला समुद्रतळाखाली वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पुरून दाखवला. हौस म्हणून नाही हां, १९९१ साली कार्बन कर लागला म्हणून!

तर कौशल्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते प्रेझेंटेशनच्या पुढच्या स्लाइडशी. आइसलँडमध्ये 'कार्बफिक्स'ने २०१२ साली बेसॉल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत दगड झाला. मग आपला दख्खनचा बेसॉल्ट रिकामं गोडाऊनच की!

त्या गोडाऊनच्या छपरावर माझं गाव आहे. किन्हीराजा, जिल्हा वाशिम. आमच्या वावरातली बोअर मार्चनंतर नुसती हवा ओकते. आणि कार्बफिक्सची पद्धत म्हणजे वायू पाण्यात विरघळवून सोडायचा, एका टनाला साधारण २५ टन पाणी. आता शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं पारसचं ५०० मेगावॅटचं वीज केंद्र घ्या. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळ एक किलो वायू धरला, तर पूर्ण क्षमतेला तासाला ५०० टन. पाणी साडेबारा हजार टन. म्हणजे दहा हजार लिटरचे १२५० टँकर. तासाला!

पाणी फिरवून वापरता येतं, समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग झालेत, मान्य. पण वाशिमला समुद्र कुठून आणू? अमेरिकेत वालुलाला २०१३ साली पाण्याशिवायही वायू बेसॉल्टमध्ये सोडला, तोही दगड होताना दिसला. किती सोडला? सुमारे १००० टन. पारसचे दोन तास.

म्हणून म्हणतो, आधी समुद्रातल्या रित्या होत चाललेल्या तेलक्षेत्रांत करा. तिथला खडक तेलवाल्यांना पाठ आहे, जुन्या विहिरींचं सिमेंट कुठे कच्चं आहे तेही तेच शोधू शकतात. वायू गळला तर पैसे कोण भरणार, हे कायद्यात लिहा. आणि सिमेंट-पोलादाच्या कारखान्यांना पहिला नंबर द्या, त्यांना सोलर लावून सगळा धूर थांबवता येत नाही. कोळशाची भट्टी आणखी तीस वर्षं चालवायला हे निमित्त नको.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एवढं खोल पाडल्यावर पाणी लागलं, तर ते आपल्याला देतील का?"