‘अनिश्चित’ हाही प्रामाणिक शेरा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात लाइटनिंग रिज हे ओपल रत्नाच्या खाणींचे गाव आहे. तेथे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी गाळात गाडल्या गेलेल्या जीवांच्या हाडांची आणि शिंपल्यांची जागा कालांतराने ओपलने घेतली. आकार हाडाचा राहिला, द्रव्य रत्नाचे झाले. असा तुकडा हाती आला की प्रश्न उभा राहतो : हा अवशेष नेमका कोणाचा?

उत्तर सोपे नसते. पुष्कळदा हाड विरघळून उरलेल्या पोकळीत ओपल साकळते. तेव्हा केवळ बाह्याकार टिकतो, आतील सूक्ष्म रचना नाहीशी होते. रूपही फसवे असते. त्याच राज्यातील व्हाइट क्लिफ्स येथे मिळणारा ‘ओपल अननस’ फळासारखा दिसतो, परंतु तो मुळात एका खनिजाचा स्फटिकगुच्छ आहे, जीवाश्म नव्हे. १९३२ साली फॉन ह्यूने यांनी हाताच्या एकाच ओपलमय हाडावरून ‘रॅपेटर’ या डायनासोरला नाव दिले. त्याच्या कुळाविषयीची मते त्यानंतर अनेकदा बदलली. याउलट, १९८५ साली वर्णिलेला एक ओपलमय जबडा त्यातील दाढांच्या सूक्ष्म तुलनेमुळे प्लॅटिपसच्या प्राचीन नातलगाचा ठरला. त्याला ‘स्टेरोपोडॉन’ हे नाव मिळाले. लोभापायी तो घासून चकचकीत केला असता, तर पुरावाच नष्ट झाला असता.

माझे मत असे की, पुरावा अपुरा असताना ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावणे हा अभ्यासकाचा पराभव नव्हे, ते त्याचे शील आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ किंवा गुरूविषयीचा आदर एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश याहून निराळा नाही. मात्र पाच नीवरणांत विचिकित्साही आहे, हे विसरू नये. शोध थांबवणारा संशय बाधक आणि शोधाला प्रवृत्त करणारा संशय हितकर.

तपासाआधी चिकटवलेल्या नावाची किंमत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. माणसाचे गुण पाहण्यापूर्वी त्याची जात विचारली गेली. म्हणूनच नाव देण्याची घाई आपण तरी करू नये. तरीही वर्गात ‘मला अजून ठरवता येत नाही’ म्हणणारे मूल आपल्याला मठ्ठ वाटते आणि अंदाजाने ठोकून देणारे हुशार वाटते.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक फळी अनोळखी वस्तूंसाठी राखून ठेवावी, ही माझी सूचना आहे. सुट्टीहून परतताना मुले ओढ्यातील गारगोट्या, शिंपले, दगड आणतात. प्रत्येक वस्तूजवळ ती कोठे सापडली, काय दिसले, कशाशी ताडून पाहिले आणि काय ठरायचे राहिले, एवढे मुलांनीच लिहावे. ज्याचे नाव ठरेल, ती वस्तू पुढच्या फळीवर जाईल. उरलेल्या वस्तू पुढच्या तुकडीची वाट पाहतील.